आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेतून त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. ही पदवी मिळवली. प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता. पदवीनंतर कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक केली. परंतु क्षयाच्या विकाराने वयाची २२ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे पुणे येथे निधन झाले आणि त्या पदाची सूत्रे त्यांना हाती घेता आली नाहीत.

आनंदीबाईंच्या चरित्रात कोल्हापूरचे स्थान दुहेरी आहे. त्यांच्या परदेशी शिक्षणासाठीचे पहिले पत्र कोल्हापुरातून अमेरिकेस गेले आणि शिक्षण पूर्ण होताच सेवेचे पहिले निमंत्रणही कोल्हापूरहूनच आले. या दोन पत्रांमधील सुमारे ८ वर्षांचा काळ हाच त्यांच्या कर्तृत्वाचा काळ होय.

बालपण आणि विवाह

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याण येथील गणपतराव जोशी हे त्यांचे वडील आणि गंगाबाई या त्यांच्या आई. घराणे एके काळी सुस्थितीत होते. पुढे त्याला ओहोटी लागली. त्या काळच्या रूढीप्रमाणे मुलीचे लग्न लवकर उरकणे आवश्यक मानले जाई. ३१ मार्च १८७४ रोजी, वयाच्या नवव्या वर्षी, यमुनेचा विवाह गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव मूळचे संगमनेरचे. ते विधुर होते, पोस्ट खात्यात कारकून होते आणि पत्नीपेक्षा वयाने बरेच मोठे होते. लग्नानंतर त्यांनी पत्नीचे नाव आनंदी असे ठेवले.

गोपाळराव स्वभावाने विक्षिप्त आणि हट्टी होते. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी ध्यास घेतला होता. पत्नीला शिकवायचेच, या निश्चयाने त्यांनी घरच्यांचा विरोध, शेजाऱ्यांची कुचेष्टा आणि नोकरीतील गैरसोय यांपैकी कशाचीही पर्वा केली नाही. मराठीपासून सुरू झालेले आनंदीबाईंचे शिक्षण थोड्याच वर्षांत इंग्रजीपर्यंत पोहोचले. मात्र या शिकवणीला कठोरपणाची बाजूही होती. अभ्यासात हयगय झाली की मारहाण होई. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी या वागणुकीचा स्पष्ट शब्दांत उल्लेख केला; त्याच पत्रव्यवहारात शिक्षणाच्या संधीबद्दलची कृतज्ञताही त्यांनी नोंदवली. त्यांच्या सहजीवनाचा विचार करताना या दोन्ही गोष्टी एकत्रच लक्षात घ्याव्या लागतात.

अपत्याचा मृत्यू

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदतीअभावी ते मूल अवघ्या १० दिवसांत दगावले. बाळंतपण ही त्या काळी घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या आणि सुइणीच्या हाती असलेली गोष्ट होती. बाळंतिणीची प्रकृती बिघडली तरी पुरुष डॉक्टरला बोलावण्याची पद्धत नव्हती. डॉक्टर आलाच, तर त्याने पडद्याआडून किंवा घरातील पुरुषांना विचारून औषध द्यावे, असा प्रघात होता. या मृत्यूमुळे आनंदीबाईंना स्वतःच्या दुःखामागचे सर्वसामान्य कारण दिसले, असे त्यांचे चरित्रकार मानतात. आजारी स्त्रीने आपले दुखणे जिला निःसंकोचपणे सांगावे, अशी जाणकार स्त्री आसपास कोठेही नव्हती.

कोल्हापुरातील वास्तव्य

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर जोशी दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि त्यानंतर बंगाल असे फिरत राहिले. कोल्हापूर ही त्या वेळी संस्थानाची राजधानी होती. रॉयल वाइल्डर या अमेरिकन धर्मोपदेशकाने १८५२ मध्ये तेथे मिशनचे काम सुरू केले होते. कोल्हापुरात गोपाळरावांचा मिशनच्या मंडळींशी परिचय झाला आणि अमेरिकेत स्त्रियांना उच्च शिक्षण घेता येते, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली.

१८७८ मध्ये त्यांनी कोल्हापुरातून मिशनऱ्यांच्या द्वारे अमेरिकेस पत्र पाठवले. पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी आणि आपल्यालाही तेथे काम मिळावे, अशी त्यात विनंती होती. वाइल्डर त्या सुमारास मायदेशी परतले होते आणि प्रिन्स्टन येथून मिशनरी रिव्ह्यू हे नियतकालिक चालवत होते. त्यांनी गोपाळरावांचे पत्र आपल्या उत्तरासह छापले. ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची जोशी दांपत्याची तयारी नसल्यामुळे मिशनकडून मदत मिळण्याची शक्यता उरली नाही. पत्राचा हेतू त्या वेळी फसला, परंतु छापलेला अंक राहिला.

१८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती तो जुना अंक एका दंतवैद्याकडे बसलेल्या असताना सहज पडला. पत्र वाचून त्यांनी आनंदीबाईंना मदत देऊ केली. तेव्हापासून दोघींमध्ये नियमित पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. हिंदू समाजातील चालीरीती, स्त्रियांचे आयुष्य, बालविवाह, आहार, सणवार असे अनेक विषय या पत्रांत आले आहेत. आनंदीबाईंची प्रकृती या काळातही नाजूक होती. ताप, डोकेदुखी आणि अशक्तपणा यांनी त्या वारंवार आजारी पडत.

सेरामपूर येथील व्याख्यान

आनंदीबाई वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस जाणार, ही बातमी पसरली तेव्हा ते दांपत्य बंगालमध्ये होते. एका ब्राह्मण विवाहितेने समुद्र ओलांडून एकटीने जाणे समाजाला मान्य होण्यासारखे नव्हते. जातिबहिष्काराची भीती दाखवली गेली. दुसरीकडे, त्यांनी धर्मांतर करावे, असा आग्रहही होत राहिला.

या सर्वांना उत्तर म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर व्याख्यान दिले. अमेरिकेसच का जायचे, भारतात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीनेच का जायचे, परतल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय, अशा लोकांच्या शंका त्यांनी एकेक करून घेतल्या आणि त्यांची उत्तरे दिली. भारतातील स्त्री-रुग्णांना स्त्री डॉक्टरांची तातडीने गरज आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहू, असे त्यांनी निक्षून सांगितले. त्या वेळी त्या १८ वर्षांच्याही नव्हत्या.

प्रवासखर्चासाठी अंगावरचे दागिने विकावे लागले. गोपाळरावांना बरोबर जाणे शक्य नव्हते. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कोलकात्याहून मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने बोटीने निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. श्रीमती कार्पेंटर त्यांना उतरवून घेण्यासाठी बंदरावर आल्या होत्या.

अमेरिकेतील शिक्षण

पहिला उन्हाळा रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात घालवल्यानंतर आनंदीबाईंनी विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये प्रवेश घेतला. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था केवळ स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देण्यासाठी सुरू झालेल्या जगातील आद्य महाविद्यालयांपैकी एक होय. रसायनशास्त्रज्ञ रेचेल बॉडली या तेव्हा तिच्या अधिष्ठाता होत्या. त्यांनी आनंदीबाईंना शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि पुढे त्यांच्यावर मायेची पाखरही घातली.

ऑक्टोबर १८८३ मध्ये अभ्यासक्रम सुरू झाला. फिलाडेल्फियाची थंडी कडक होती. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. अभ्यासाचा ताण आणि अपुरा आहार यांचा परिणाम मुळातच दुबळ्या असलेल्या प्रकृतीवर होत गेला. तरीही शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, औषधिविज्ञान, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयांची त्यांची तयारी थांबली नाही. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली याही त्या काळी तेथे शिकत होत्या. १० ऑक्टोबर १८८५ रोजी या तिघींचे आपापल्या देशाच्या पोशाखात घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे.

पदवीसाठी आनंदीबाईंनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा प्रबंधाचा विषय निवडला. प्राचीन भारतीय ग्रंथांतील गर्भधारणा, गर्भिणीची काळजी आणि प्रसूती यांविषयीचे विचार त्यांनी त्यात मांडले. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. गोपाळराव तोपर्यंत अमेरिकेत येऊन पोहोचले होते. पंडिता रमाबाई या आनंदीबाईंच्या नात्यातील. त्या इंग्लंडहून मुद्दाम या समारंभास आल्या. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीपर्यंत ही वार्ता पोहोचली आणि तिच्याकडून अभिनंदनाचा संदेश आला. पदवीनंतर आनंदीबाईंनी बोस्टन येथील न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन या रुग्णालयात काही काळ अनुभव घेतला.

तत्कालीन स्त्रीरोगचिकित्सा

आनंदीबाईंनी निवडलेल्या ज्ञानशाखेचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील स्त्रीरोगांची स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रसूतीच्या अडचणींखेरीज गर्भाशयाचे अनेक विकार स्त्रिया वर्षानुवर्षे अंगावर काढत. त्यांतील एक अतिशय सर्रास आढळणारा विकार म्हणजे गर्भाशयातील गाठी, अर्थात फायब्रॉइड. या गाठी गर्भाशयाच्या भिंतीतील मृदू स्नायूंपासून तयार होतात आणि बहुतेक सर्व सौम्य असतात, म्हणजे कर्करोगाच्या नसतात. स्त्रीच्या जननक्षम वयात त्या वाढतात आणि पाळी बंद झाल्यावर सामान्यतः आकसतात. पुष्कळदा त्यांचा काहीच त्रास होत नाही. परंतु गाठ मोठी असेल किंवा गर्भाशयाच्या पोकळीत वाढलेली असेल, तर पाळीच्या वेळी अतिशय रक्तस्राव होतो, अंगातील रक्त कमी होते, ओटीपोट जड होते, मूत्राशयावर दाब येतो आणि काही स्त्रियांना गर्भ राहण्यात किंवा टिकण्यात अडचण येते.

याच गाठींचे काही विरळा प्रकारही आहेत. त्यांत मृदू स्नायूंची सौम्य वाढ गर्भाशयाच्या शिरांमध्ये शिरते आणि क्वचित हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोहोचते. कधी तशाच गाठी फुप्फुसांत आढळतात, तर कधी पोटाच्या आतील अस्तरावर अनेक लहान गाठी पसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी सौम्यच दिसतात. त्यांचे वागणे मात्र मारक रोगासारखे भासते. या प्रकारांचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे होत गेला. फुप्फुसांत आढळणाऱ्या प्रकाराचे सविस्तर वर्णन १९३९ मध्ये पॉल स्टायनर यांनी केले.

भारतीय वैद्यकालाही पोटातील अशा वाढींची जाण होती. चरकसंहितेत रक्तगुल्म नावाचा विकार सांगितला आहे. तो केवळ स्त्रियांना होतो, गर्भाशयात वाढतो आणि त्याची लक्षणे गर्भारपणासारखी भासतात, असे तेथे म्हटले आहे. गर्भ आणि गुल्म यांची गफलत होऊन अनर्थ घडू नये, म्हणून १० महिने उलटल्यानंतरच उपचार करावेत, असा त्यात दंडक आहे. रक्तगुल्म म्हणजे आजचा फायब्रॉइडच, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन अवस्थांमध्ये भेद करणे किती अवघड होते, हे त्यावरून कळते.

एकोणिसाव्या शतकात हा भेद करण्याची साधने तुटपुंजी होती. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला आणि ध्वनिलहरींनी गर्भाशय पाहण्याची सोनोग्राफी १९५० नंतरच्या दशकांत आली. त्यापूर्वी निदानाचा आधार दोनच गोष्टींवर होता: रुग्ण स्त्रीने स्वतः सांगितलेली हकिगत आणि डॉक्टरने हाताने केलेली तपासणी. पडदा, संकोच आणि पुरुष डॉक्टर यांमुळे भारतातील स्त्रीच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग बंद होते. अतिरक्तस्रावाला नशिबाचा भोग मानले जाई, मूल न होणाऱ्या स्त्रीला वांझ ठरवले जाई आणि पोटात वाढणाऱ्या गाठीची कुजबुज घरातच दबून जाई.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात मात्र मोठी हालचाल सुरू होती. आनंदीबाई ज्या फिलाडेल्फियात शिकल्या, तेथेच वॉशिंग्टन ॲटली या शल्यविशारदाने गर्भाशय न काढता केवळ गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला होता. बोस्टनजवळच्या लॉवेल गावात १८५३ मध्ये वॉल्टर बर्नहॅम आणि गिल्मन किंबॉल यांनी पोटावर छेद घेऊन गाठींसह गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या आणि रुग्ण वाचले. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध केल्यावर अशा शस्त्रक्रियांतील मृत्यूंचे प्रमाण हळूहळू उतरू लागले. हे नवे ज्ञान भारतीय स्त्रीपर्यंत पोहोचायचे, तर तिला विश्वास वाटेल अशा हातांतूनच ते पोहोचणे शक्य होते. सेरामपूरच्या व्याख्यानातील मागणीचा वैद्यकीय अर्थ हाच होता.

कोल्हापूरची नेमणूक

१८८० नंतरच्या काळात भारतात स्त्रियांसाठी वैद्यकीय सोयी उभ्या करण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या, १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड स्थापन झाला आणि १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. कोल्हापूरसारख्या संस्थानात मात्र पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली भारतीय स्त्री डॉक्टर मिळणे दुरापास्त होते.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा बालवयातील शाहू महाराज होते. १७ मार्च १८८४ रोजी त्यांचे दत्तकविधान झाले होते आणि राज्याधिकार त्यांच्या हाती येण्यास १८९४ साल उजाडायचे होते. संस्थानाचा कारभार या मधल्या काळात प्रशासनाकडे होता. शहरातील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाला इंग्लंडच्या युवराजाचे नाव देण्यात आले होते. या रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी आनंदीबाईंनी स्वीकारावी, असे पत्र १८८६ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांकडून त्यांना अमेरिकेत मिळाले आणि त्यांनी ते मान्य केले.

एका हिंदी संस्थानाने एका हिंदू विवाहितेला परदेशी पदवीच्या बळावर रुग्णालयातील विभागाचे प्रमुखपद देऊ करणे, ही त्या काळातील असाधारण घटना होती. ज्या शहरात पत्नीला शिकवणाऱ्या गोपाळरावांकडे लोक विचित्र नजरेने पाहत, त्याच शहराने काही वर्षांतच तिला डॉक्टर म्हणून बोलावले होते.

आजार, परतीचा प्रवास आणि निधन

बोस्टनमधील वास्तव्यातच आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली होती. खोकला आणि ताप हटेना. क्षयावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू १८८२ मध्ये शोधला होता, परंतु त्यावर गुणकारी औषध मिळण्यास अजून ६० वर्षे लागणार होती. ऑक्टोबर १८८६ मध्ये जोशी दांपत्याने अमेरिका सोडली. समुद्रप्रवासात आजार बळावला. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी ते मुंबईस उतरले. त्यांचे उत्साहाने स्वागत झाले. पूर्वी टीका करणाऱ्यांपैकी अनेकांचा सूर आता बदलला होता.

हवापालट आणि उपचारांसाठी आनंदीबाईंना पुण्यास नेण्यात आले. कोल्हापूरला रुजू होण्याचा विचार मनात असतानाच शक्ती क्षीण होत गेली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. २२ वा वाढदिवस महिनाभरावर आला होता. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेस पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर यांच्या नातेवाइकांसाठी राखलेल्या जागेत त्या ठेवल्या असून तेथे आनंदीबाईंच्या नावाची शिळा आहे.

कोल्हापुरातील पुढील वाटचाल

आनंदीबाईंसाठी राखलेले काम पुढे इतर स्त्रियांनी केले. डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-रुग्णांची सेवा केली आणि कोल्हापुरात स्त्री डॉक्टर ही गोष्ट परिचयाची झाली. हे रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अर्थात सीपीआर, या नावाने ओळखले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील आणि आसपासच्या भागातील सामान्य रुग्णांचा ते मोठा आधार आहे.

मूल्यमापन

भारतातील पहिली स्त्री डॉक्टर कोण, या प्रश्नाच्या संदर्भात आनंदीबाईंबरोबर बंगालच्या कादंबिनी गांगुली यांचे नाव घेतले जाते. दोघींनीही १८८६ मध्ये वैद्यकीय पात्रता मिळवली. आनंदीबाईंनी परदेशात एम.डी. पदवी घेतली, कादंबिनींनी कोलकाता मेडिकल कॉलेजमध्ये शिक्षण घेतले आणि त्यानंतर दीर्घकाळ व्यवसाय केला. आनंदीबाईंना भारतात एकाही रुग्णावर उपचार करण्याची संधी मिळाली नाही, हे लक्षात घेतले तर दोघींच्या कार्याचे स्वरूप भिन्न ठरते आणि तुलनेची आवश्यकता उरत नाही.

आनंदीबाईंच्या कार्याचे मोल त्यांनी उभ्या केलेल्या प्रश्नात आहे. स्त्रीच्या आजाराविषयी बोलणे लाजिरवाणे मानणाऱ्या समाजात त्यांनी भर सभेत तो विषय मांडला आणि त्यावरचा उपाय स्वतःपासून सुरू केला. त्यांच्या मागोमाग रखमाबाईंसारख्या स्त्रिया वैद्यकशिक्षणाकडे वळल्या. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंडिता रमाबाईंच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी ग्रंथाला रेचेल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपल्या या विद्यार्थिनीचे स्मरण केले.

गर्भाशयाच्या गाठींवर आज औषधे, दुर्बिणीद्वारे केली जाणारी शस्त्रक्रिया, रक्तपुरवठा रोखण्याचे उपाय असे अनेक मार्ग उपलब्ध आहेत आणि प्रत्येक गाठीसाठी गर्भाशय काढावे लागत नाही. तरीही संकोचापोटी दुखणे लपवणाऱ्या आणि रक्त कमी होईपर्यंत दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या स्त्रिया आजही आढळतात. त्यामुळे आनंदीबाईंनी १८८३ मध्ये मांडलेला प्रश्न केवळ इतिहासजमा झालेला नाही.

चरित्रे आणि स्मृती

अमेरिकन लेखिका कॅरोलिन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. मराठी स्त्रीने लिहिलेल्या आरंभीच्या चरित्रग्रंथांत त्याची गणना होते. अंजली कीर्तने यांनी विस्तृत संशोधन करून आनंदीबाईंचा काळ आणि कर्तृत्व यांवर ग्रंथ लिहिला. मीरा कोसंबी यांनी त्यांचे आयुष्य आणि पत्रव्यवहार यांचा इंग्रजीत अभ्यास केला. श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी मराठी वाचकांत विशेष लोकप्रिय आहे. तथापि ती ललितकृती असल्यामुळे तिच्यातील प्रसंग व संवाद ऐतिहासिक पुरावा म्हणून स्वीकारता येत नाहीत. याच नावाचा समीर विद्वांस दिग्दर्शित मराठी चित्रपट २०१९ मध्ये प्रदर्शित झाला.

शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंच्या स्मरणार्थ जोशी हे नाव देण्यात आले आहे.